युद्धोत्तर विस्थापित वृद्ध आणि उपजीविकेचा प्रश्न : उत्तर युगांडाचा अनुभव

युद्ध थांबले म्हणजे युद्धपीडितांचे दुःखही थांबले, असा सर्वसाधारण समज असतो. तहावर सह्या होतात, बंदुकांचे आवाज बंद होतात आणि वर्तमानपत्रांतील बातम्याही हळूहळू दिसेनाशा होतात. वस्तुतः ज्यांची घरे जळाली, गुरे लुटली गेली आणि शेते ओस पडली, त्यांच्यापुढील सर्वांत कठीण प्रश्न त्यानंतरच उभा राहतो. तो म्हणजे, आता जगावयाचे कशावर? तरुण विस्थापितांच्या बाबतीत शासन आणि साहाय्य संस्था हा प्रश्न निदान विचारात तरी घेतात. वृद्धांच्या बाबतीत तो बहुधा विचारलाच जात नाही. वृद्ध माणसाला शिधा, कांबळे आणि औषध मिळाले की त्याच्याविषयीचे कर्तव्य पार पडले असे मानले जाते. त्याला पुन्हा स्वतःच्या कष्टावर उभे राहावयाचे असते, आणि पुष्कळदा तसे राहिल्यावाचून त्याला गत्यंतरच नसते, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशाच्या उत्तर भागाच्या आधारे करणार आहोत. तेथील विस्थापन दोन दशके चालले. म्हणजे जे प्रौढ वयात छावणीत गेले ते तेथेच वृद्ध झाले. शिवाय तेथील समाज शेतीवर जगणारा आहे. ज्वारी, नाचणी, तीळ, भुईमूग व तूर ही त्यांची पिके आपल्याही शेतकऱ्याच्या परिचयाची आहेत. त्यामुळे तेथील वृद्धाने नेमके काय गमावले आणि त्याला नेमके काय हवे होते, हे आपल्या वाचकांस समजून घेणे कठीण जाणार नाही.

विस्थापनाची पार्श्वभूमी

जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या सैन्याने राजधानी कंपाला जिंकली. आधीच्या सैन्यात उत्तरेकडील अचोली समाजाचे सैनिक मोठ्या संख्येने होते. ते उत्तरेकडे परतले आणि तेथे नव्या राजवटीविरुद्ध बंडाळी सुरू झाली. त्यातूनच पुढे जोसेफ कोनी याची 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' ही संघटना उभी राहिली. शासनाशी लढण्याची भाषा करणाऱ्या या संघटनेने सर्वाधिक अत्याचार केले ते स्वतःच्याच अचोली समाजावर. वीस हजारांहून अधिक मुले तिने पळवून नेली आणि त्यांतील अनेकांच्या हाती शस्त्रे दिली.

बंडखोरांना गावांतून अन्न व माणसे मिळू नयेत, या हेतूने शासनाने १९९६ पासून ग्रामीण जनतेला तथाकथित 'संरक्षित गावां'त हलविण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर २००२ मध्ये तर उरलेल्या गावकऱ्यांना अठ्ठेचाळीस तासांच्या आत छावण्यांत येण्याचा आदेश देण्यात आला. २००३ मध्ये हिंसाचार शेजारच्या लांगो व तेसो प्रदेशांत पसरला. २००५ पर्यंत विस्थापितांची संख्या सुमारे १८ लाखांवर गेली आणि छावण्यांची संख्या अडीचशेच्या आसपास पोहोचली. एकट्या पाब्बो छावणीत पन्नास हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. त्याच वर्षी युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, अचोली प्रदेशातील छावण्यांत आठवड्याला सुमारे एक हजार मृत्यू सर्वसाधारण प्रमाणापेक्षा अधिक होत होते. हिवताप आणि एड्स ही त्यांची प्रमुख कारणे होती. संरक्षणासाठी म्हणून उभारलेल्या वसाहती स्वतःच मृत्यूचे कारण ठराव्यात, यावरून त्या जीवनाची कल्पना यावी.

ऑगस्ट २००६ मध्ये जुबा येथे युद्धविरामाचा करार झाला. अंतिम शांतता करारावर कोनी याने सही केली नाही; तथापि त्याच्या टोळ्या युगांडाच्या बाहेर गेल्या आणि उत्तर भाग शांत झाला. लोक गावाकडे परतू लागले आणि २०१२ च्या आरंभापर्यंत बहुतेक सर्व छावण्या बंद झाल्या. वरवर पाहता ही पुनर्वसनाची यशोगाथाच होय. परंतु छावणीतून शेवटी कोण बाहेर पडले आणि कोण मागे राहिले, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते.

छावणीत मागे कोण राहिले?

परतीचा प्रवास एका दिवसात होत नाही. प्रथम घरातील धडधाकट माणसे गावाकडे जाऊन झाडोरा तोडत, झोपडी उभारत आणि पहिली पेरणी करीत. शाळा व दवाखाना छावणीजवळच असल्यामुळे मुले आणि वृद्ध मागे राहत. पुष्कळ कुटुंबांत पुढे वृद्धांनाही नेले गेले. परंतु ज्या वृद्धांना नेणारे कोणी नव्हते, ज्यांचे मुलगे युद्धात वा रोगराईत दगावले होते, ज्या विधवांना पतीच्या कुळाने आपल्या जमिनीवर परत घेण्यास नकार दिला होता, ते छावणीतच राहिले. शासकीय भाषेत त्यांना 'अत्यंत असाहाय्य व्यक्ती' असे नाव मिळाले आणि त्यांत वृद्ध, अपंग व दीर्घकाळ आजारी अशा सर्वांचा समावेश झाला.

त्यांची अवस्था दोन्ही बाजूंनी कठीण झाली. शेजारी निघून गेल्यामुळे आधार नाहीसा झाला. परतणारांची संख्या वाढली तसे अन्नवाटप कमी होत गेले. ज्या जमिनीवर छावणी उभी होती तिचे मूळ मालक, आता आमची जमीन मोकळी करा, असे म्हणू लागले. आणि त्यांचेही म्हणणे अन्यायाचे नव्हते, कारण त्यांनाही त्याच जमिनीवर पोट भरावयाचे होते. अशा रीतीने ज्याला एकदा बंदुकीच्या धाकाने गाव सोडावे लागले, त्यालाच शांततेच्या काळात पुन्हा एकदा हुसकावले जाण्याची भीती निर्माण झाली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे वृद्ध एकटे होते असे नव्हे. युद्ध आणि एड्स या दोहोंनी मधली पिढी कापून काढल्यामुळे अनेक आजीआजोबांच्या पदरी पोरकी नातवंडे होती. अशी साठ-सत्तर वर्षांची आजी ही कोणावर अवलंबून असलेली व्यक्ती नसते. तीच त्या कुटुंबाची कर्ती असते. तिला उपजीविकेच्या योजनेतून वगळणे म्हणजे तिच्यामागे उभ्या असलेल्या तीन-चार मुलांना वगळणे होय. साहाय्याच्या यादीत 'वृद्ध' या रकान्यात तिचे एकटीचे नाव लिहिले जाते, आणि येथेच चुकीचा प्रारंभ होतो.

वृद्धाने काय गमावले?

उपजीविका ही एकाच वस्तूवर उभी नसते. जमीन, मनुष्यबळ, गुरे, बी-बियाणे, थोडे भांडवल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे साहाय्य इतक्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शेतकऱ्याचे घर चालते. उत्तर युगांडाच्या वृद्धाजवळ यांपैकी काय उरले होते?

प्रथम गुरांचा विचार करू. १९८६-८७ मध्ये शेजारच्या करामोजा प्रदेशातील सशस्त्र टोळ्यांनी अचोली प्रदेशातील गुरे मोठ्या प्रमाणावर लुटून नेली आणि पुढे युद्धात उरलीसुरली गेली. जेथे लाखोंची गुरे होती तेथे दहा-बारा वर्षांत काही हजार उरली. अचोली शेतकऱ्याची बैलजोडी ही त्याची नांगरट, गाय हे त्याचे दुभते आणि कळप ही त्याची आयुष्यभराची शिल्लक होती. आजार, मुलाचे लग्न, नातवाची शाळा यांसाठी जनावर विकून पैसा उभा राहत असे. म्हातारपणाची बेगमी गोठ्यात बांधलेली होती, असे म्हटले तरी चालेल. ती एका फटक्यासरशी नाहीशी झाली, आणि ती पुन्हा जमविण्यास लागणारी वीस-तीस वर्षे तरुणाजवळ असतात, वृद्धाजवळ नसतात. तरुणाच्या आणि वृद्धाच्या हानीतील हा मूलभूत भेद होय.

मनुष्यबळाचेही तसेच. वीस वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीवर रान माजलेले असते. ते तोडून कुदळीने जमीन उकरणे हे धट्ट्याकट्ट्या माणसाचेही घाम काढणारे काम होय. बैल नाहीत, मुलगा नाही आणि मजुरीला पैसा नाही. अशा स्थितीत जमीन असूनही ती वृद्धाला पिकविता येत नाही.

तिसरी हानी सहजासहजी दिसत नाही. अचोली समाजात शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची पद्धत होती. तिला ते 'आलेया' म्हणतात. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक आठवली म्हणजे तिचे स्वरूप स्पष्ट होईल. या पद्धतीत वृद्धाचे शेतही नांगरून निघत असे, कारण त्याने तरुणपणी इतरांच्या शेतात घाम गाळलेला असे. त्याचप्रमाणे रात्री अंगणातील शेकोटीभोवती, ज्याला ते 'वांग ओ' म्हणतात, वडीलधारी मंडळी मुलांना कुळाचा इतिहास, जमिनीच्या हद्दी, पेरणीची लक्षणे आणि वागण्याचे नियम सांगत. छावणीत शेत नव्हते, म्हणून आलेया राहिली नाही. संध्याकाळनंतर बाहेर राहण्यास बंदी असे, म्हणून शेकोटीही विझली. वृद्धाचे समाजातील स्थान ज्या दोन गोष्टींवर उभे होते त्या दोन्ही गेल्या. छावणीत वाढलेल्या तरुणाच्या दृष्टीने तो केवळ शिध्याच्या रांगेतील आणखी एक माणूस ठरला.

असे असूनही एक संपत्ती वृद्धाजवळच उरली होती आणि ती इतर कोणाजवळ नव्हती. ती म्हणजे स्मृती. कोणते बी कोणत्या जमिनीत येते, कोणत्या गवताने छप्पर शाकारावे, पाण्याचा झरा कोठे होता, कोणाच्या शेताची शीव कोठे संपते, हे त्यालाच ठाऊक होते. त्याच्याजवळ ज्ञान होते आणि बळ नव्हते. तरुणाजवळ बळ होते आणि ज्ञान नव्हते. या दोहोंची सांगड घालणे हेच पुनर्वसनाचे खरे काम होते.

छप्पर आणि पहिला हंगाम

या विवेचनावरून हे स्पष्ट होईल की, वृद्धाला सर्वच गोष्टी पुरवाव्या लागत नाहीत. त्याची साखळी जेथे तुटली आहे ती कडी जोडावी लागते, आणि तीही योग्य क्रमाने.

पहिली कडी छपराची. अचोली झोपडी गोल, मातीच्या भिंतीची व गवताने शाकारलेली असते. तिला लागणारे साहित्य रानातच मिळते, परंतु ते कापून आणणे, विटा थापणे आणि छप्पर चढविणे वृद्धाच्या आवाक्यात नसते. शिवाय गवत कोरड्या ऋतूतच कापावे लागते. वणव्यात ते जळून गेले की पुढील वर्षापर्यंत थांबण्यावाचून उपाय नसतो. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था आणि इतर साहाय्य संस्था यांनी छावणीत अडकलेल्या अशा अनेक व्यक्तींसाठी त्यांच्या गावी झोपड्या व शौचकूप बांधून दिले. हे काम अत्यंत आवश्यक होते. परंतु जेथे केवळ झोपडीच बांधली गेली आणि पुढचा विचार झाला नाही, तेथे वृद्ध माणूस छावणीतील उपासमारीतून गावच्या उपासमारीत गेला, इतकाच फरक पडावयाचा.

दुसरी कडी पहिल्या हंगामाची. पेरणीपासून कापणीपर्यंतचे चार-पाच महिने माणसाने खावे काय? या काळात अन्न नसेल तर दिलेले बियाणेच भांड्यात शिजते. म्हणून बियाण्यासोबत शिधाही द्यावा लागतो. आणि वृद्धाच्या बाबतीत आणखी एक जोड लागते, ती म्हणजे अर्धा-एक एकर रान मोडून देण्याची. हे काम मजुरी देऊन करून घेता येते किंवा मोडलेली आलेया पुन्हा सुरू करून साधता येते. ज्या गटाला बैलजोडी व नांगर दिला जातो, त्याने प्रथम गटातील वृद्धांचे शेत नांगरावे, अशी अट घालणे मुळीच अवघड नाही. यात दान कोणीच कोणाला करीत नाही. वृद्धाने बी निवडावे, पेरणीची वेळ सांगावी, राखण करावी आणि तरुणाने नांगर धरावा, ही जुन्याच सावडीची नवी मांडणी होय.

'कामाच्या मोबदल्यात पैसे' या प्रकारच्या योजनांतील एक उणीवही येथे सांगितली पाहिजे. रस्ता खणणे वा बांध घालणे हेच काम मानले, तर वृद्ध आपोआप वगळला जातो. मुले सांभाळणे, पाणी राखणे, रोपवाटिकेची देखरेख, हजेरीपट लिहिणे हीही कामेच आहेत. किंवा वृद्धाच्या नावावर त्याने सुचविलेल्या व्यक्तीने काम करावे आणि मजुरीचा ठरलेला हिस्सा त्याला मिळावा, अशीही व्यवस्था करता येते. योजनेचा साचा तरुण शरीर डोळ्यांपुढे ठेवून घडविलेला असतो, म्हणून वृद्ध त्यात बसत नाही. दोष साच्याचा आहे.

भांडवल, बचत आणि वयाची अट

पीक आल्यावर पोट भरते, परंतु मीठ, साबण, औषध आणि शाळेची वही यांसाठी रोख पैसा लागतो. गाय वा बैल सांभाळणे वृद्धाला झेपत नाही. शेळी आणि कोंबडी मात्र झेपते. शेळी घराजवळ चरते, नातवंडे तिला सांभाळू शकतात, ती लवकर विते आणि अडीअडचणीला विकता येते. गोठ्यातील जी शिल्लक युद्धाने नेली तिचे लहान रूप या शेळीत पुन्हा उभे राहते.

बचत गटांचाही येथे चांगला उपयोग झाला. १९९१ मध्ये नायजर देशात सुरू झालेली गाव पातळीवरील बचत-कर्ज गटांची पद्धत पुढे आफ्रिकेत सर्वत्र पसरली आणि युद्धानंतरच्या उत्तर युगांडातही रुजली. सभासद दर आठवड्याला थोडी रक्कम टाकतात; ती तीन कुलपांच्या पेटीत राहते आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे असतात. त्यातूनच लहान कर्जे दिली जातात आणि वर्षअखेरीस साठलेली रक्कम वाटून घेतली जाते. महाराष्ट्रातील बचत गटांशी व भिशीशी परिचित असलेल्या वाचकांस यात नवीन काही वाटणार नाही. वृद्धांच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, बँकेचे कर्ज त्यांना वयामुळे मिळत नाही, तर गटाचे कर्ज त्यांना ओळखीमुळे मिळते. मात्र आठवड्याची वर्गणी इतकी ठेवू नये की वृद्ध विधवेने संकोचाने गटच सोडावा.

याच्या उलट, मोठ्या योजनांची कथा पाहावी. उत्तर युगांडा सामाजिक कृती निधीतून तरुणांच्या गटांना व्यवसायशिक्षण व अवजारे यांसाठी रोख अनुदान देण्यात आले. सभासदाला सरासरी सुमारे ३८२ डॉलर मिळाले. चार वर्षांनंतरच्या अभ्यासात त्यांची कमाई, अनुदान न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक आढळली. पुढे हे अंतर कमी झाले, तरी गरिबाच्या हाती थेट भांडवल दिले तर तो ते उधळीत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु या योजनेसाठी वयाची मर्यादा होती १६ ते ३५ वर्षे! तरुणांना बंडखोरीकडे वळू न देणे हा युद्धोत्तर योजनांचा एक हेतू असतो आणि तो समजण्यासारखा आहे. वृद्ध बंड करीत नाही, म्हणून त्याला भांडवल मिळत नाही, असा याचा अर्थ होत असेल तर तो न्याय नव्हे.

जमिनीची साक्ष

उत्तर युगांडातील बहुतेक जमीन रूढीने धारण केलेली आहे. युगांडाच्या १९९५ च्या संविधानाने आणि १९९८ च्या जमीन कायद्याने या धारणेला मान्यता दिली आहे. परंतु तिची कागदपत्रे नसतात. अमुक झाड, अमुक वारूळ, ओढ्याचे वळण, पूर्वजांचे थडगे याच तिच्या खुणा आणि त्या ओळखणारे वृद्ध हेच तिचे दप्तर. वीस वर्षांत झाडे तुटली, वारुळे मोडली आणि खुणा जाणणारे अनेक वृद्ध छावणीतच मरण पावले. २००६ नंतर लोक परतू लागताच जमिनीचे तंटे वाढले, याचे नवल वाटावयास नको.

या तंट्यांत वृद्ध पुरुषाची साक्ष मोलाची ठरली. परंतु वृद्ध विधवा सर्वाधिक अडचणीत आली. तिचा जमिनीवरील हक्क पतीच्या कुळामार्फत येतो. पती गेला, दीर गेला आणि पुतणे बळकट झाले की तिला हुसकावणे सोपे होते. म्हणून वृद्धांच्या उपजीविकेचा विचार करताना जमिनीची नोंद हे पहिल्या वर्षाचे काम मानले पाहिजे. कुळातील वडीलधारे, शेजारी आणि स्थानिक समिती यांना प्रत्यक्ष शेतावर नेऊन शीव चालून घ्यावी, हद्दीवर झाडे लावावीत आणि नकाशा व साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत. यात उशीर परवडणारा नसतो. तरुणाचा दावा पाच वर्षांनी ऐकता येतो. वृद्ध साक्षीदार पाच वर्षांनी हयात असेलच असे नाही.

काळाचा हाच प्रश्न न्यायदानातही उभा राहतो. बंडखोरांचा सेनानी डॉमिनिक ओंगवेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. पाजुले, ओडेक, लुकोडी आणि अबोक या छावण्यांवरील हल्ले हे त्यातील प्रमुख आरोपांपैकी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पीडितांसाठी ५.२ कोटी युरोंहून अधिक भरपाईचा आदेश दिला. त्यात प्रत्येक पीडितास ७५० युरोंची प्रतीकात्मक रक्कम देण्याचे ठरले. हल्ले झाले २००३-०४ मध्ये आणि आदेश आला वीस वर्षांनी. त्या वेळी साठीत असलेला पीडित तोपर्यंत ऐंशीच्या घरात पोहोचला होता.

निवृत्तिवेतन : दया की हक्क?

२०१०-११ पासून युगांडाने निवडक जिल्ह्यांत वृद्धांना दरमहा सुमारे २५,००० युगांडन शिलिंग देण्यास प्रारंभ केला. वयाची अट सर्वसाधारणपणे ६५ वर्षे आणि करामोजात ६० वर्षे होती. रक्कम लहान होती. परंतु ती नियमित होती, आणि गरिबाच्या हिशेबात नियमितपणाला मोठे मोल असते. वृद्धांनी तीतून केवळ अन्न घेतले नाही. शेळ्या-कोंबड्या विकत घेणे, शेतावर मजूर लावणे आणि नातवंडांच्या शाळेचा खर्च भागविणे यांसाठीही ती वापरली गेली. निवृत्तिवेतन आणि उपजीविका या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे यावरून दिसते. हाती ठरलेल्या दिवशी येणारा पैसा हेच वृद्धाचे खेळते भांडवल ठरले.

पुढे ही योजना २०२०-२१ मध्ये देशभर लागू करताना वयाची अट ८० वर्षांवर नेण्यात आली. सबंध आयुष्य युद्ध व छावणीत झिजलेल्या समाजात ऐंशी वर्षे जगणारे किती? शिवाय जन्माची नोंद नसलेल्या या पिढीला राष्ट्रीय ओळखपत्रावर वय चुकीचे लागले की हक्काचे वेतनही अडते, असा अनुभव अनेकांना आला. हक्क देणारा कायदा आणि हक्क सिद्ध करण्याची अट यांत अंतर पडले की दुर्बल माणूस त्या अंतरातच हरवतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या हक्काला आधार आहे. १९९८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत विस्थापनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत वृद्धांना त्यांच्या स्थितीस अनुरूप संरक्षण व साहाय्य मिळावे, असे नमूद केले आहे. २००२ च्या माद्रिद येथील वार्धक्यविषयक कृती योजनेने त्यापुढे जाऊन, आपत्तीनंतर समाजाच्या पुनर्बांधणीत वृद्धांचा सहभाग वाढावा, हे उद्दिष्टच ठेवले. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये स्वीकारलेला कंपाला करार २०१२ मध्ये अमलात आला. तो मान्य करणाऱ्या पहिल्या देशांत युगांडा होता. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा हक्क आणि वार्धक्यातील साहाय्याचा हक्क एकत्र मांडलेले आहेत, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. काम आणि आधार ही एकाच न्यायाची दोन अंगे आहेत, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

कूटदन्त सुत्ताचा दृष्टांत

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताची कथा येते. त्याच्या राज्यात लुटालूट माजली होती, गावे उद्ध्वस्त होत होती, आणि राजाला महायज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्यास सांगितले की, कर वाढवून किंवा लुटारूंना ठार मारून वा तुरुंगात टाकून ही पीडा मिटणार नाही. शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे आणि सेवा करणाऱ्यांना वेतन द्यावे. राजाने तसे केल्यावर लोक आपापल्या उद्योगास लागले आणि घराची दारे उघडी ठेवून निर्भयपणे राहू लागले.

या कथेतील बारकावा लक्षणीय आहे. शेतकऱ्याला बियाण्यासोबत अन्नही द्यावे, असे तेथे सांगितले आहे. भुकेलेला माणूस बियाणे खाऊन टाकतो, हे उत्तर युगांडात दिसलेले सत्य त्या प्राचीन वचनात अनुस्यूत आहे. दुसरे असे की, प्रत्येकाला त्याच्या उद्योगानुसार साहाय्य देण्यास सांगितले आहे. त्यात वयाची अट नाही. उद्योग करू इच्छिणारा वृद्ध या व्यवस्थेच्या बाहेर पडत नाही. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे आणि ते अमुक वयापर्यंतच पाळावे, असे तथागतांनी कोठेही सांगितलेले नाही.

समारोप

उत्तर युगांडाच्या छावण्या मिटल्या, परंतु प्रश्न मिटलेला नाही. याच प्रदेशाने पुढे, विशेषतः २०१६ नंतर, दक्षिण सुदानमधील लाखो निर्वासितांना आश्रय दिला. त्यांतही नातवंडांना घेऊन सीमा ओलांडणाऱ्या आज्या होत्या. त्यांना जमिनीचा लहानसा तुकडा मिळाला तरी तो खणणार कोण, हा जुनाच प्रश्न त्यांच्याही पुढे उभा राहिला.

म्हणून विस्थापितांच्या पुनर्वसनाची कोणतीही योजना समोर आली असता आपण तिला काही साधे प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. या योजनेत वयाची वरची मर्यादा आहे काय, आणि असल्यास तिचे कारण कोणते? वृद्धांच्या घरात किती मुले आहेत, याची मोजणी झाली आहे काय? बियाणे देताना नांगरट आणि पहिल्या हंगामाचे अन्न यांची तरतूद केली आहे काय? वृद्ध विधवेच्या जमिनीची शीव साक्षीदार हयात असतानाच नोंदविली गेली आहे काय? आणि योजना ठरविणाऱ्या बैठकीत एक तरी वृद्ध स्त्री बोलली आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर ती योजना कितीही भव्य असली तरी तिने समाजाचा एक भाग छावणीतच सोडून दिला आहे, असे समजावे. ज्याने सर्वस्व गमावूनही आपल्या स्मृतीत गावाची शीव, पिकांचे ज्ञान आणि कुळाची नाती जपली, त्याला केवळ शिध्याच्या रांगेत उभे करणे ही करुणा होऊ शकत नाही. त्याच्या हाती बियाणे, भांडवल आणि हक्काचे वेतन देऊन त्याला पुन्हा आपल्या अंगणात बसविणे, ही करुणेची आणि न्यायाचीही खरी कसोटी होय.